बुडबुड्यांतील प्राणवायु कोठला?

प्रतिवर्षीं पावसाळा ओसरून तळ्याचें पाणी निवळलें, कीं आमच्या प्रयोगशाळेंत नववीच्या वर्गासाठीं एक ठरलेला प्रयोग मांडला जातो. हायड्रिला नांवाची पाण्यांत वाढणारी एक नाजूक वनस्पति आहे. तळ्यांत व संथ ओढ्यांत ती पुष्कळ सांपडते. तिच्या चार-पांच डहाळ्या चंचुपात्रांतील पाण्यांत ठेवावयाच्या, त्यांवर कांचेचें नरसाळें उपडें घालावयाचें, आणि नरसाळ्याच्या नळीवर पाण्यानें भरलेली परीक्षानळी पालथी बसवावयाची. हें सर्व उन्हांत ठेवलें, कीं थोड्याच वेळांत डहाळ्यांच्या तुटलेल्या टोकांतून बारीक बुडबुड्यांची सर वर चढूं लागते. नळींत पुरेसा वायु जमल्यावर विझलेली, पण टोकाशीं निखारा असलेली काडी तींत धरावी. ती भपकन् पेट घेते. प्राणवायूची ही ओळख मुलांना फार आवडते, व काडी पेटली कीं मागील बांकांवरील मंडळीहि उभी राहते.

कांहीं वर्षांपूर्वीं हा प्रयोग चालला असतां एका मुलीनें उठून विचारलें, "सर, हा प्राणवायु आला कोठून? पाण्यांतून कीं कर्बाम्लवायूंतून?" (ज्याला हल्लीं कार्बन डाय-ऑक्साइड म्हणतात, तोच हा कर्बाम्लवायु.)

मीं क्षणाचाहि विलंब न लावतां उत्तर दिलें, "कर्बाम्लवायूंतून. त्याच्या प्रत्येक रेणूंत कर्बाचा एक व प्राणवायूचे दोन अणु असतात. वनस्पति कर्ब ठेवून घेते, आणि प्राणवायु सोडून देते." एवढ्यावर न थांबतां मीं पुरावाहि दाखविला. उकळून थंड केलेल्या पाण्यांत विरघळलेला वायु उरत नाहीं. अशा पाण्यांत डहाळ्या ठेवतांच बुडबुडे जवळजवळ बंद झाले. दुसऱ्या पात्रांत खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकली. त्या सोड्यापासून वनस्पतीला कर्बाम्लवायु मिळतो. तेथें बुडबुड्यांची घाई उडाली. "वायु काढून घेतला, बुडबुडे थांबले, वायु दिला, बुडबुडे वाढले. आतां आणखी काय पाहिजे?" असें मीं म्हटलें, आणि वर्गाचें समाधान झालें. माझें तर पूर्वींच झालें होतें.

हें उत्तर चुकीचें होतें. प्रयोग खरा होता, डोळ्यांनीं पाहिलेलें खरें होतें, परंतु त्यावरून मीं काढलेलें अनुमान खोटें होतें. पुढील सुटींत वाचन करितांना मला कळून आलें, कीं या प्रश्नाचा निकाल १९४१ सालींच लागला होता, आणि मी मात्र माझ्या विद्यार्थिदशेंत पाठ केलेलें वाक्य वर्षानुवर्षें फळ्यावर लिहीत आलों होतों. शाळा सुरू झाल्यावर त्या मुलीला बोलावून मीं तिला खरें उत्तर सांगितलें: प्राणवायु पाण्यांतून येतो. तिनें तें ऐकून घेतलें, आणि जरा थांबून दुसरा प्रश्न केला, "मग सर, सोडा घातल्यावर बुडबुडे कां वाढले?"

या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें, तर पानाच्या पेशींत शिरल्यावांचून गत्यंतर नाहीं.

प्रथम थोडा इतिहास सांगतों. झाड आपलें शरीर कशाचें बनवितें, हा प्रश्न तोलून पाहणारा पहिला प्रसिद्ध प्रयोग व्हॅन हेल्मोंट या फ्लेमिश वैद्याचा. त्यानें २०० पौंड वाळविलेली माती एका कुंडींत भरून तींत ५ पौंडांचें विलोचें रोप लाविलें, व पांच वर्षें त्यास केवळ पाणी घातलें. शेवटीं झाड १६९ पौंडांचें भरलें. माती मात्र सुमारें दोनच औंस घटली. हा वृत्तांत त्याच्या मृत्यूनंतर १६४८ सालीं छापला गेला. झाड सर्वस्वीं पाण्याचें बनतें, असा त्यानें निष्कर्ष काढला. हवेचा विचार त्याच्या मनांत आला नाहीं, म्हणून आपण त्याला हंसतों. पण मातीला मिळालेलें श्रेय त्यानें हिरावून घेतलें, हें कांहीं थोडें नव्हे.

पुढें १७७१ सालीं जोसेफ प्रीस्टली या इंग्रज धर्मोपदेशकानें, मेणबत्ती जळून बिघडलेली हवा पुदिन्याची डहाळी ठेवल्यानें पुन्हां सुधारते, असें दाखविलें. आणि १७७९ सालीं यान इंगेनहाउस या डच वैद्यानें सिद्ध केलें, कीं हें काम केवळ उजेडांत, व वनस्पतीच्या हिरव्या भागांकडूनच होतें. अंधारांत वनस्पति आपल्यासारखीच हवा बिघडविते, हेंहि त्यानेंच लिहिलें. रात्रीं खोलींत कुंडी ठेवूं नये, ही आजहि कित्येक घरांत आढळणारी भीति या शोधाशीं जुळती आहे. पालकांनीं निश्चिंत असावें. शेजारीं निजलेल्या एका माणसाच्या श्वासापुढें कुंडीचा श्वास अगदींच क्षुल्लक असतो.

यानंतर सर्वांचें लक्ष कर्बाम्लवायूकडे वळलें, आणि पाणी मागें पडलें. वनस्पति त्या वायूचे दोन तुकडे करते, ही समजूत शतकाहून अधिक काळ भल्याभल्यांची होती. तेव्हां फळ्यावरील माझ्या चुकीला निदान संगत चांगली होती.

तिला पहिला धक्का दिला तो मूळच्या हॉलंडच्या, पण अमेरिकेंत काम करणाऱ्या व्हॅन नील या शास्त्रज्ञानें. कांहीं जांभळे जंतु उजेडाच्या साहाय्यानें कर्बाम्लवायूपासून आपलें अन्न बनवितात. ते पाण्याऐवजीं, सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायु वापरतात. या वायूंत उज्जवायु, म्हणजे हायड्रोजन, व गंधक असतें. हे जंतु प्राणवायु सोडीत नाहींत, तर गंधकाचे कण टाकतात. गंधक कर्बाम्लवायूंत नाहींच. तेव्हां तें दुसऱ्या वायूंतूनच आलें असलें पाहिजे. मग त्याच न्यायानें हिरव्या वनस्पतींचा प्राणवायु पाण्यांतून कां येऊं नये? असा तर्क त्यानें १९३० च्या सुमारास मांडला.

प्रत्यक्ष पुरावा दिला तो कॅलिफोर्नियांतील सॅम्युएल रूबेन, मार्टिन केमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं. प्राणवायूचा सामान्य अणु १६ भाराचा असतो. परंतु १८ भाराचे थोडे अणुहि निसर्गांत आढळतात. त्यांनीं अशा जड प्राणवायूनें युक्त पाणी एका सूक्ष्म शैवालास दिलें, आणि उजेडांत बाहेर पडणारा वायु तपासला. पाण्यांत जड अणूंचें जें प्रमाण, तेंच बाहेर आलेल्या प्राणवायूंत उतरलें. उलट, जड अणु पाण्याऐवजीं कर्बाम्लवायूच्या बाजूस जास्त ठेवले, तर ते बाहेरच्या वायूंत त्या प्रमाणांत आले नाहींत. ही १९४१ ची गोष्ट. रूबेन पुढें दोनच वर्षांनीं, युद्धकाळांत विषारी फॉस्जीन वायूवर काम करितांना झालेल्या अपघातांत मरण पावला. त्या वेळीं त्याचें वय अवघें २९ होतें.

खरें पाहतां ही गोष्ट आपल्या समीकरणावरून आपल्यालाहि ताडतां आली असती. कर्बाम्लवायूचे सहा रेणु आणि पाण्याचे सहा रेणु मिळून द्राक्षशर्करेचा एक रेणु व प्राणवायूचे सहा रेणु होतात, असें आपण पाठ करितों. प्राणवायूच्या सहा रेणूंत अणु बारा. पाण्याच्या सहा रेणूंत प्राणवायूचे अणु सहाच. प्राणवायु सर्व पाण्यांतून येत असेल, तर हिशेब चुकतो! म्हणून खरें समीकरण असें, कीं डावीकडे पाण्याचे बारा रेणु असतात, व उजवीकडे शर्करा आणि प्राणवायु यांखेरीज पाण्याचे सहा रेणु नव्यानें तयार होतात. त्या नव्या पाण्यांतील प्राणवायु कर्बाम्लवायूचा असतो. दोन्ही बाजूंचें सहा-सहा पाणी वजा करून आपण समीकरण आटोपशीर करितों, आणि त्या वजाबाकींत सत्य झांकून जातें.

आतां पेशीकडे वळूं. हायड्रिलाचें पान इतकें पातळ असतें, कीं त्यांत पेशींचे दोनच थर असतात. म्हणून त्याचा छेद घेण्याचेंहि कारण नाहीं. एक पान कांचपट्टीवर पाण्याच्या थेंबांत ठेवून सूक्ष्मदर्शकांतून पाहावें. विटांसारख्या मांडलेल्या पेशी दिसतात, आणि प्रत्येक पेशींत मुगाच्या दाण्यांसारखे हिरवे कण. हेच हरितकण. थोडा वेळ नजर स्थिर ठेवली, तर ते पेशीच्या कडेकडेनें संथपणें फिरतांना दिसतात. ज्या विद्यार्थ्यानें हें एकदां पाहिलें, तो पानाला पुन्हां निर्जीव वस्तु म्हणणार नाहीं. हे कण एवढे लहान, कीं शंभर-दोनशें एका ओळींत मांडले तरच एक मिलिमीटर भरेल.

हरितकणाच्या आंत काय आहे, हें शाळेच्या सूक्ष्मदर्शकास दिसत नाहीं. त्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच हवा. आंत भाकऱ्यांच्या चवडींसारख्या रचना असतात. चांगल्या भाजलेल्या भाकरीस जसा पापुद्रा सुटतो व दोन पदरांमध्यें पोकळी राहते, तशीच यांतील प्रत्येक चकती दुपदरी असून आंत पोकळ असते. हरितद्रव्य या पदरांतच बसविलेलें असतें. चवडींच्या भोंवतीं दाट रस भरलेला असतो. पदर आणि रस, हीं दोन स्थळें वाचकांनीं ध्यानांत ठेवावीं. कारण प्रकाश-संश्लेषणाचें अर्धें काम एका ठिकाणीं, व अर्धें दुसऱ्या ठिकाणीं होतें.

हरितद्रव्य सूर्यप्रकाशांतील तांबडे व निळे किरण अधिक शोषून घेतें. हिरवे किरण त्या मानानें कमी शोषले जातात, आणि परतलेले आपल्या डोळ्यांस दिसतात. म्हणजे पानाचा जो रंग आपणांस मोहवितो, तो पानानें पुरता न स्वीकारलेला रंग होय. हरितद्रव्याचे शेंकडों रेणु किरण झेलतात, आणि पन्हळींतील पावसाचें पाणी एका हौदांत यावें तशी ती शक्ति कांहीं ठराविक रेणूंकडे पोंचवितात. त्या शक्तीनें तेथील रेणूंतून एक विद्युत्कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, उसळून बाहेर पडतो व शेजाऱ्याच्या हातीं जातो. ज्याचा कण गेला तो रेणु आतां रिता झाला. आणि ही रिती जागा भरून काढण्यासाठीं तो पाण्याकडून कण ओढून घेतो.

पाणी सहजासहजीं फुटणारा पदार्थ नव्हे. त्याला फोडणाऱ्या जागीं मँगेनीजचे चार अणु व कॅल्शियमचा एक अणु प्राणवायूच्या पांच अणूंनीं एकत्र सांधलेले असतात. त्यांची बारकाईची रचना जपानी शास्त्रज्ञांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केली. प्रकाशाचा एक धक्का, एक कण. असे चार धक्के झाले, कीं पाण्याचे दोन रेणु पुरते फुटतात, व प्राणवायूचा एक रेणु मोकळा होतो. तोच पुढें बुडबुड्यांत जमतो. उज्जवायूचे चार गाभे, म्हणजे प्रोटॉन, मात्र चकतीच्या पोकळींत मागें राहतात.

विद्युत्कणांचा प्रवास पुढें चालू असतो. एकापासून दुसऱ्याकडे, दुसऱ्यापासून तिसऱ्याकडे असे जातांना ते आणखी प्रोटॉन पोकळींत ओढवितात. वाटेंत त्यांना प्रकाशाचा दुसरा धक्का मिळतो. आणि शेवटीं ते एनएडीपी नांवाच्या वाहकावर जाऊन बसतात. इकडे पोकळींत दाटलेले प्रोटॉन बाहेर पडावयास पाहतात. पण त्यांना वाट एकच असते, ती पदरांत बसविलेल्या एका सूक्ष्म चाकांतून. पाणचक्कीचें चाक पाण्यानें फिरावें, तसें हें चाक प्रोटॉनांच्या ओघानें खरोखर गरगर फिरतें, आणि प्रत्येक फेऱ्यास एटीपी या शक्तिवाहक द्रव्याचे तीन रेणु तयार होतात. ही कल्पना पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञानें १९६१ सालीं मांडली, तेव्हां पुष्कळांना ती विचित्र वाटली. पुढें जॅगेनडॉर्फ या अमेरिकन शास्त्रज्ञानें या चकत्या अंधारांत प्रथम आम्ल द्रवांत भिजविल्या, आणि मग एकाएकीं अल्कली द्रवांत घातल्या. प्रोटॉन आंत दाटले होते ते बाहेर धांवले, व प्रकाशाचा एक किरणहि नसतांना एटीपी तयार झालें. मिचेल यांस १९७८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

हें झालें पदरावरील काम. यांत कर्बाम्लवायूचें नांवहि आलेलें नाहीं, हें वाचकांच्या लक्षांत आलें असेल. तो येतो भोंवतालच्या रसांत. तेथें भरलेले वाहक आपलें ओझें उतरवितात, त्या बळावर कर्बाम्लवायूपासून शर्करा बनते, आणि रिते झालेले वाहक पुन्हां पदराकडे परततात.

आतां त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देतां येतें. समजा, कोठें आग लागली आहे, आणि विहिरीपासून आगीपर्यंत माणसें रांगेंत उभीं राहून भरलेल्या बादल्या पुढें देत आहेत व रित्या मागें आणीत आहेत. शेवटच्या माणसास बादली ओतावयास जागाच उरली नाहीं, तर काय होईल? रित्या बादल्या परत येईनाशा होतील, व विहिरीवरचा माणूस हात जोडून बसेल. परंतु त्यावरून, पाणी विहिरींतून नव्हे तर आगीकडून येत होतें, असें कोणी म्हणेल काय? मीं नेमकें तेंच म्हटलें होतें! उकळलेल्या पाण्यांत कर्बाम्लवायु नाहीं. म्हणून वाहकांस ओझें उतरवितां येत नाहीं. म्हणून विद्युत्कणांस पुढें जागा नाहीं. म्हणून पाणी फोडण्याचें काम थांबतें, आणि बुडबुडे बंद पडतात. सोडा घातला, कीं ओतावयास जागा झाली, व रांग पुन्हां धांवूं लागली.

हा केवळ दृष्टांत नव्हे. केंब्रिजच्या रॉबिन हिल यांनीं १९३७ सालीं पानांतून हरितकण वेगळे काढून त्यांस कर्बाम्लवायु न देतां लोहाचें एक लवण दिलें. लवणानें विद्युत्कण घेतले, आणि उजेडांत प्राणवायु बाहेर पडला. म्हणजे बादल्या ओतावयास दुसरी जागा मिळाली, तरी विहीर आपलें पाणी देतच राहते. मीं हें सांगितलें तेव्हां ती मुलगी म्हणाली, "मग सर, हा प्रयोग तुम्हीं अगोदर दाखवायला पाहिजे होता." मला हें मान्य करावें लागलें.

रसांतील कामाचा मार्ग कॅल्व्हिन, बेन्सन व बॅशम यांनीं किरणोत्सर्गी कर्बाच्या साहाय्यानें शोधला. तो कर्ब रूबेन व केमन यांनींच १९४० सालीं प्रथम वेगळा ओळखला होता. त्याविषयीं येथें थोडेंच सांगतों. कर्बाम्लवायु ज्या प्रथिनाच्या हातून पकडला जातो, त्यास रुबिस्को म्हणतात. तें फार मंद आहे. सामान्यतः सेकंदाला तीन-चारच रेणु पकडतें, आणि कर्बाम्लवायूऐवजीं कधीं कधीं प्राणवायूच धरून बसतें. हवेच्या दहा हजार भागांत कर्बाम्लवायु जेमतेम सव्वाचार भाग, तर प्राणवायु दोन हजारांहून अधिक. तेव्हां ही चूक क्षम्य आहे. वनस्पति त्यावर तोड म्हणून हें प्रथिन विपुल बनविते. आपल्या ज्वारीनें, मक्यानें व उंसानें याहून चांगली तोड काढली आहे: तीं पिकें बाहेरच्या पेशींत दुसऱ्या एका चलाख प्रथिनाकडून हा वायु गोळा करवितात, आणि आंतल्या पेशींत रुबिस्कोपाशीं दाट करून सोडतात.

पानफुटीची तऱ्हा आणखीच निराळी. ती रात्रीं पर्णरंध्रें उघडून कर्बाम्लवायु आम्लाच्या रूपानें सांठविते, व दिवसा रंध्रें मिटून, पाणी न दवडतां, तो वापरते. मिशनरी म्हणून हिंदुस्थानांत आलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनीं १८१३ सालीं कळविलें होतें, कीं पानफुटीचें पान सकाळीं अतिशय आंबट, दुपारीं बेचव, आणि संध्याकाळीं कडवट लागतें. विद्यार्थ्यांनीं त्यांचें अनुकरण करून पान चावूं नये, तें विषारी असतें. पहाटे व सायंकाळीं तोडलेलीं पानें निरनिराळीं वाटून रसाची आम्लता कागदानें पाहावी.

हायड्रिलाच्या बुडबुड्यांवर आपल्या देशांतहि थोर काम झालें आहे. कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं याच वनस्पतीचे बुडबुडे आपोआप नोंदणारें यंत्र बनविलें, आणि १९२४ सालीं प्रकाश-संश्लेषणावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. आमच्या प्रयोगशाळेंत मात्र बुडबुडे अद्याप घड्याळ पुढें ठेवून बोटांवर मोजले जातात.

आमचे कित्येक माजी विद्यार्थी आज पालक आहेत, आणि हा अंक त्यांच्या घरीं जातो. त्यांच्यापैकीं कोणाच्या जुन्या वहींत, "वनस्पति कर्बाम्लवायूंतील प्राणवायु सोडून देते," हें माझ्या तोंडचें वाक्य अजून असेल, तर त्यांनीं तें खोडून, शेजारीं "पाण्यांतील" असें लिहावें. समीकरणहि डावीकडे बारा व उजवीकडे सहा पाणी घालून दुरुस्त करावें.